हिरव्या ठिपक्याचा राजवाडा

माझ्या हातात खाण्याचं पाकीट आलं की मी ते आधी उलटं करते. पुढची बाजू बघतच नाही. पुढे काय, गाय हसत असते, बाळ हसत असतं, सगळे नुसते हसतच असतात. खरं काय ते मागे, बारीक अक्षरांत. माझा नवरा लोकांना सांगत सुटतो की लग्नात गळ्यात मंगळसूत्र पडलं तेव्हा हिने तेही आधी उलटं करून पाहिलं. पाहिलं होतं. सोनाराचा शिक्का बघायला नको?

पण ही खोड मला माहेरून आलेली नाही, ती नोकरीतून आली. बडोद्यात मकरपुऱ्याच्या औद्योगिक इस्टेटीत एका कंपनीत मी आयुष्य काढलं. तिथे बाहेरदेशातून खाण्याचा माल यायचा. खजूर, सॉस, चॉकलेटं, डब्यातली फळं. त्यावर आपल्या कायद्याप्रमाणे जे छापलेलं हवं ते नसेल तर स्टिकर लावून तो बाजारात जायचा, आणि स्टिकर बरोबर आहे की नाही हे बघायचं काम माझं. माल कुठल्या देशात झाला, इथे कोणी मागवला, त्याचा पूर्ण पत्ता, परवान्याचा नंबर, शाकाहारी असेल तर हिरवा ठिपका. आणि सगळ्यात मोठा नियम असा की स्टिकर रिकाम्या जागेवरच चिकटवायचा, मूळ मजकूर झाकायचा नाही. ह्या एका नियमापायी मी मालकाशी इतक्या वेळा भांडले की तो मला लांबून बघूनच म्हणायचा, "बेन, सरकावला, स्टिकर बाजूला सरकावला!"

गेल्या वर्षी निवृत्त झाले. नोकरी सुटली, खोड काही सुटली नाही. मांजलपूरच्या आमच्या सोसायटीत बायका मला बघून पिशव्या पदराआड घेतात. घरच्या सगळ्यांना मी एकच गोष्ट घोकवून घोकवून शिकवली होती, की पाकिटावर हिरवा ठिपका बघा आणि मगच ते घरात आणा. आता ह्या शिकवणीनेच माझा घात केला, त्याची ही गोष्ट.

मुलीने एक दिवस जेवताना सांगितलं की तिला एक मुलगा आवडतो, गुजराती आहे, जैन आहे आणि चांगला आहे. मी म्हटलं, "अगं, चांगला आहे हे आधी सांगायचं." मुलगा खरंच चांगला होता. अडचण असलीच तर ती त्याच्या आईची होती. म्हणजे बाई स्वभावाने लाख, पण खाण्यापिण्याच्या बाबतीत भयंकर कडक. कांदा, लसूण, बटाटा तर सोडाच, त्या घराबाहेर कुठेच काही खात नसत. सख्ख्या नणंदेकडे गेल्या तरी स्वतःची पाण्याची बाटली सोबत. मुलगी म्हणाली, "आई, त्या आल्या तर फक्त बसतील हं. काही घ्या म्हणून आग्रह करू नकोस."

मी बरी ऐकेन! त्या पहिल्यांदा आमच्याकडे आल्या तेव्हा मी रव्याचे लाडू केले आणि लाडवांच्या ताटाशेजारी रव्याचं पाकीट, तुपाची पिशवी, साखरेची पिशवी, वेलदोड्याची पुडी, सगळं ओळीने मांडून ठेवलं, मागची बाजू पुढे करून. ठेंगणी, ताठ कण्याची बाई. सोफ्यावर टेकल्या, टेबलाकडे पाहिलं आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "वेवाण, आ शुं? दुकान मांडलं काय?" वेवाण म्हणजे विहीण. त्यांचं लहानपण बडोद्यातच मराठी शेजारात गेलेलं, त्यामुळे मराठी समजायचं सगळं, बोलायला लागल्या की अर्धं गुजराती व्हायचं.

"बघून घ्या," मी म्हटलं. "मग खा नाहीतर नका खाऊ."

त्यांनी एकही पाकीट उचललं नाही. सरळ लाडू उचलला. "तुम्ही बघितलं ने? पछी मी कशाला बघू?"

बाई गं! एवढं कौतुक मला नोकरीत कोणी केलं नव्हतं. त्या दिवसापासून त्या आमच्याकडे खायला लागल्या, आणि आमच्याकडेच. त्यांच्या मुलाचा विश्वास बसेना. आमची कन्या एकदा मला म्हणाली, "आई, त्यांच्या घरात कांदा न खाणारी सून चालेल, खाणारी चालणार नाही, ह्यावरून काका-मामा सगळे कुरकुरत होते. त्याच्या मम्मींनी तुझ्या हातचा लाडू खाल्ला आणि सगळे गप्प झाले. हे लग्न तुझ्या लाडवावर उभं आहे, एवढं लक्षात ठेव." मी हसले, पण लक्षात ठेवलं.

आता माझ्या जावेबद्दल सांगते. माझ्या धाकट्या दिराची बायको. दीर नंदेसरीला केमिकलच्या कारखान्यात, दिवसभर बाहेर, आणि ही घरात बसून कलाकुसर करणार. आमच्या सगळ्या गोतावळ्यात कुणाचंही लग्न असो, रुखवत मांडायला हिलाच बोलावणं. खारकांचे ऋषी कर, सुपारीचे भटजी कर, शेवयांची झोपडी कर. स्वभावाने अगदी गरीब. मी रागावले की आधी रडते आणि मग मी कशावरून रागावले ते विचारते.

साखरपुडा ठरला आणि हिने जाहीर केलं, "ताई, पुडा माझ्याकडे." आमच्या घराण्यात नुसता साखरेचा पुडा देऊन भागत नाही. पुड्यातला पहिला तुकडा दोन्ही विहिणींनी एकमेकींना भरवायचा, मग तो पाहुण्यांत फिरवायचा. त्यांच्याकडे गोळधाणा वाटायची रीत, म्हणजे गूळ आणि धणे. आम्ही म्हटलं दोन्ही करू, गोड आहे म्हटल्यावर भांडण कशाला?

हॉल मांजलपूरलाच घेतला होता. कार्यक्रम रविवारी सकाळी, म्हणजे पाहुणे जेवून वेळेत घरी. मी हॉलवर पोचले तर दारातच गर्दी. आत टेबलावर राजवाडा! अहो खरंच, आपला बडोद्याचा वाटावा असा, हातभर उंच राजवाडा. घुमट, कमानी, मधला मोठा मनोरा, पायऱ्या. सगळा पांढरा आणि गुलाबी. मुलाकडचे पाहुणे फोन काढून फोटो घेताहेत, जाऊबाई बाजूला उभी राहून लाजून लाल झालेली.

"कशाचा केलास गं?" मी विचारलं.

"मार्शमॅलो, ताई. ती नाही का विलायती मिठाई, कापसाच्या उशीसारखी मऊ. इम्पोर्टेडच्या दुकानातून आणली."

माझा चेहरा पाहून तिने घाईघाईने जोडलं, "हिरवा ठिपका बघून आणली हां! प्रत्येक पाकिटावर बघितला."

मी शांत झाले. आता वनस्पतीपासून केलेला मार्शमॅलो मिळतो, त्यावर हिरवा ठिपका असतो, हे मला माहीत होतं. "पाकिटं कुठायत?" म्हटलं. तर ती म्हणे फेकली. आमच्या घरात सगळ्यांची ही रीतच आहे. सामान आणलं की ते स्टीलच्या डब्यात ओतायचं आणि पाकीट कचऱ्यात. मी जन्मभर ओरडले की निदान महिनाभर पाकीट ठेवा, कोण ऐकतंय! तेवढ्यात गुरुजींनी हाक मारली, अंगठ्या झाल्या, टाळ्या झाल्या आणि आम्हा दोघी विहिणींना टेबलाशी उभं केलं.

मी मधल्या मनोऱ्याचा गुलाबी कळस काढला आणि त्यांच्या तोंडात घातला. त्यांनी न बघता, माझ्याकडे हसत हसत, तो खाल्ला. मग त्यांनी एक कमान तोडून मला भरवली.

मी चावले आणि चावता चावता थांबले.

तुम्ही म्हणाल, एका घासात काय कळणार? अहो, नोकरीत असा माल मी दोन्ही तऱ्हेचा खाऊन बघितलाय. वनस्पतीचा असतो तो दाताखाली पटकन तुटतो. हा रबरासारखा ताणला आणि परत जागेवर आला. मी तशीच तोंड मिटून हसत उभी राहिले. फोटोवाला म्हणाला, "बेन, अजून एक फोटो, कोणी उचलू नका हां राजवाड्यातलं," आणि मी मनात त्याला आशीर्वाद दिला. कारण तोपर्यंत आम्ही दोघींनीच खाल्लं होतं.

मी जावेला दंडाला धरून नवरीच्या खोलीत नेलं. "एक तरी पाकीट असेल. आठव."

होतं. कुठे घुमट-बिमट ढासळला तर डागडुजीला म्हणून तिने एक पाकीट न फोडता पिशवीत ठेवलं होतं. मी ते उलटं केलं. मागच्या बाजूला भलामोठा स्टिकर. हिरवा ठिपका ठसठशीत, सोनेरी अक्षरांत 'इम्पोर्टेड', आणि बाकी सगळा आनंद. कुठल्या देशातला माल, नाही. कोणी मागवला, नाही. परवान्याच्या नंबरात आकडेच कमी. आणि स्टिकर बसवला होता अगदी मूळ मजकुराच्या छाताडावर.

खोलीत मुलीचे केस करायला आलेली पार्लरवाली आपलं सामान आवरत होती. मी तिच्या हातातून हेअर ड्रायर घेतला आणि गरम वारा स्टिकरवर सोडला. ती बिचारी बघतच राहिली. चिकटलेला स्टिकर न फाडता काढायचा असेल तर दुसरा उपाय नाही. डिंक सैल झाला, मी नखाने कोपरा उचलला आणि हळूहळू सगळा सोलून काढला. खाली परक्या लिपीत काहीतरी आणि त्याच्याखाली बारीक इंग्रजीत घटक. साखर, पाक आणि तिसऱ्या जागी जिलेटीन. जिलेटीन म्हणजे जनावराची कातडी आणि हाडं उकळून काढलेला चिकट पदार्थ. कुठल्या जनावराचं तेही कंसात इमानदारीने लिहिलेलं होतं. मूळ देशातल्या लोकांनी काहीच लपवलं नव्हतं. लपवलं ते इथल्या कुण्या चोराने.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. चोर समोर नव्हता, जाऊ समोर होती. मी तिच्यावरच उखडले. "अक्कल गहाण ठेवली होतीस? विलायती मिठाई, तीही जैनांच्या पुड्यात! साखर नव्हती घरात? गूळ नव्हता?"

ती भिंतीला टेकली. "ताई, हिरवा ठिपका होता हो. तुम्हीच सांगितलं होतंत तो बघायला."

तिने माझा शब्दन् शब्द ऐकला होता. ठिपकासुद्धा खोटा असू शकतो, बाहेरच्या मालावर ठिपक्याबरोबर बाकीचं सगळं तपासावं लागतं, हे मी घरात कुणाला शिकवलंच नव्हतं. ती तोंडात पदर कोंबून रडायला लागली.

तेवढ्यात नवरा आत आला. काय झालं ते त्याला सांगितलं. रेल्वेत जन्म गेलेला शांत माणूस, त्याने दार लोटून घेतलं. "हे बघ, राजवाडा गुपचूप उचलू. म्हणू, पाय घसरला, पडला. पुढे कुणी खाणार नाही. जे झालं ते झालं. त्यांना कुठे कळलंय?"

"मला कळलंय ना," मी म्हटलं.

"अगं पण सांगून काय मिळणार? पोटात गेलेलं बाहेर येणार आहे का? उलट त्या तुझ्या हातचं पुन्हा खाणार नाहीत. काका-मामा परत सुरू होतील. पोरीचा विचार कर."

पोरीचाच विचार करत होते मी. खोटं कशाला बोलू, क्षणभर मला त्याचं पटलंसुद्धा. राजवाडा पडला म्हणायचं, दोन मिनिटं हळहळायचं, जेवायला बसायचं. पण ती बाई न बघता खाते ती माझ्या भरवशावर. मी गप्प राहिले तर त्या हिरव्या ठिपकेवाल्यात आणि माझ्यात फरक तो काय? त्याने एका पाकिटावर स्टिकर लावला, मी माझ्या तोंडावर लावायचा?

मी बाहेर गेले, विहीणबाईंच्या कानाशी लागले आणि त्यांना आत घेऊन आले. पाकीट त्यांच्या हातात दिलं.

"वेवाण, मी आत्ता तुम्हाला भरवलं त्यात जिलेटीन होतं. जनावराचं. वरचा हिरवा ठिपका खोटा होता, मला आत्ता कळलं. आणणारीला माहीत नव्हतं. भरवला मात्र मी." एका दमात सगळं बोलून टाकलं, नाहीतर बोलूच शकले नसते.

त्यांच्या चेहऱ्यावरचं सगळं हसू उतरलं. त्या बेसिनशी गेल्या आणि चूळ भरत राहिल्या. पुन्हा पुन्हा. मग खुर्चीवर बसून डोळे मिटले, ओठ हलत होते. जाऊ कोपऱ्यात हात जोडून उभी होती. मला वाटलं, आता ही बाई उठेल, मुलाला हाक मारेल आणि संपलं सगळं.

डोळे उघडून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "बीजा कोणी खाल्लं?"

"नाही. आपण दोघीच."

"मग ते पहिला उचला."

मी काही हालचाल करायच्या आत त्या स्वतःच उठल्या, पदराने तोंड पुसलं आणि बाहेर जाऊन टेबलापुढे दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या. "आ महेल मारो छे! मी घरी नेणार, शोकेसमध्ये ठेवणार. कोणी हात लावायचा नाही हां! वरराजा पण नाही!" सगळे हसले. मुलाच्या मामांनी राजवाडा उचलून गाडीच्या डिकीत ठेवला. कुणाला काही समजलं नाही, उलट मुलाकडच्यांना केवढं कौतुक वाटलं ते.

पण जेवायला त्या बसल्या नाहीत. पोट जड आहे म्हणाल्या. निघताना माझ्या मुलीच्या गालावरून हात फिरवला, सगळ्यांना नमस्कार केला आणि माझ्याशी एक शब्दही न बोलता गाडीत बसल्या. मी त्या गाडीकडे बघत उभी राहिले. नवऱ्याने मला "सांगत होतो" म्हटलं नाही, पण घरी जाईपर्यंत त्याने स्कूटरवर जो सुस्कारा टाकला तो मला मागे ऐकू आला. जाऊबाईने घरी जाऊन फोन बंद केला.

सोमवारी सकाळी मुलीचा ऑफिसात जाता जाता फोन. "आई, त्याच्या मम्मींनी आज उपवास धरलाय. प्रायश्चित्ताचा म्हणे. कसलं प्रायश्चित्त ते कुणाला सांगत नाहीत. तू काही बोललीस का त्यांना?" मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बरं केलंस," पण आवाज असा बारीक झाला होता की माझंच काळीज हललं.

आता कमान मीही खाल्ली होती. त्यांचा उपवास, तर माझा का नाही? मीही धरला. आणि त्यांचा उपवास म्हणजे आपला नव्हे, साबुदाण्याची खिचडी आणि वऱ्याचे तांदूळ चापून निर्जळी केल्यासारखं तोंड करायचं असला. नुसतं उकळलेलं पाणी, तेही सूर्य आहे तोवरच. आणि मी अशी बाई, की सकाळचा चहा उशिरा झाला तर घरात कुणी माझ्या समोरून जात नाही. डोकं भणभणायला लागलं. त्याच भणभणत्या डोक्याने मी ते पाकीट आणि सोललेला स्टिकर घेऊन अन्न खात्याच्या कचेरीत गेले.

तिथला अधिकारी तरुण होता, माझ्या मुलीपेक्षा थोडाच मोठा. "बेसो बेन, चा लेशो?" म्हणाला. मी म्हटलं, "चहाचं नाव काढू नका." आणि जे सुरू झाले ते स्टिकर कसा असावा, कुठे असावा, काय झाकू नये, सगळं त्याच्यापुढे ओतलं. त्याने एकदाही मला अडवलं नाही. शेवटी म्हणाला, "बेन, निवृत्त झालात ते फार वाईट झालं." त्याच दिवशी त्यांची माणसं त्या दुकानात गेली, माल सील केला, नमुने घेतले. दुकानदार म्हणे, मी दुसऱ्याकडून घेतला. दुसरा म्हणे, मी तिसऱ्याकडून. पहिला कोण, ते कुणालाच सांगता येईना. अहो, म्हणून तर मागवणाऱ्याचं नाव-पत्ता छापायचा असतो! काही झालं तर कुणाचं मानगूट धरायचं, ते कळायला नको?

मी घरी येऊन पडले. नवरा स्वयंपाकघरात आवाज न करता पोहे खात होता आणि मला फोडणीचा वास येत होता, ह्यापेक्षा मोठं प्रायश्चित्त जगात नसेल. तेवढ्यात फोन वाजला. विहीणबाई.

"वेवाण, उद्या सकाळी मारं पारणं आहे." पारणं म्हणजे उपवास सोडणं. "तुमच्याकडे करायचं. चालेल ने?"

मी उठून बसले. "चालेल" म्हणायच्या ऐवजी मी नुसतीच मान हलवली, फोनवर.

"पण एक छे," त्या म्हणाल्या. "मुगाचं पाणी लागतं आम्हाला पारण्याला. ते तुमच्या जाऊबाईंनी करायचं. त्यांनीच द्यायचं. एमनेच."

मी तशीच चप्पल घालून जावेकडे गेले. तिने दार उघडलं तर डोळे सुजून बंद व्हायच्या बेताला आलेले. कालपासून कुणाशी बोलली नव्हती. मी निरोप सांगितला.

"माझ्या हातचं?" ती मागे सरकली. "नको ताई. असली चेष्टा करू नका."

"चेष्टा करायला माझ्या पोटात अन्न तरी हवं!" मी ओरडले. "मुकाट्याने उद्या सकाळी ये. मूग मी आणून ठेवते." ती नाही नाही म्हणत राहिली आणि मी ऐकलं नाही, कारण ऐकायची माझ्यात ताकदच नव्हती.

मंगळवारी ती आली. अंघोळ करून, साधी साडी नेसून, खाली मान घालून. मूग निवडले, पुन्हा निवडले, धुतले, शिजवले, पाणी गाळलं. मला हातही लावू दिला नाही. मुलीने सुट्टी काढली होती, ती ओट्याशी उभी राहून काकूकडे बघत होती. सूर्य चांगला वर आल्यावर विहीणबाई आल्या, मुलगा सोबत. एका दिवसात चेहरा उतरला होता, पण कणा तसाच ताठ. त्या पाटावर बसल्या. मी काही बोलायला गेले तर हाताने थांबवलं आणि जावेकडे बघून समोरची जागा दाखवली.

ती वाटी घेऊन बसली. चमचा भरला. उचलून तो परत वाटीत ओतला. तिने पुन्हा भरला आणि तो अर्ध्यातच थांबला. "मला नाही जमणार हो," असं म्हणून तिने मान फिरवली.

विहीणबाईंनी तिचं मनगट धरलं. एखाद्या पोरीचं धरावं तसं, घट्ट. चमच्यासकट तिचा हात आपल्या तोंडाशी नेला आणि मुगाचं पाणी प्यायल्या. मग दुसरा चमचा, मग तिसरा, मनगट न सोडता. माझी मुलगी मागून माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडत होती. मीही रडत होते, मला कसली लाज!

मग त्या थांबल्या. जिभेवर चव घोळवली, भुवया उंचावल्या आणि जावेकडे बघून चक्क शुद्ध मराठीत म्हणाल्या, "मीठ कमी आहे गं."

जाऊ डोळे पुसत, हसत, उठून मीठ आणायला धावली.